दौलत वाढते कशी आणि खासगी टिकते कशी

प्रश्न असा आला आहे: “मी २९ वर्षांचा आहे. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर आयटी कंपनीत नोकरी, वर्षाला १६ लाख पगार. वडील बँकेतून निवृत्त झाले, लोकमान्य नगरात स्वतःचं घर आहे. सियागंजातली काही घराणी आमच्याहून कमी शिकलेली, तरी तीन-तीन पिढ्या श्रीमंत आहेत. ती असं काय करतात जे आम्ही करत नाही? आणि महिन्याला २५ हजारांची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरलेली गुंतवणूक) लावली तर मी तिथवर जाईन का?”

इंदूरमध्ये मी ३१ वर्षं सीए म्हणून काम करतो. माझ्याकडे येणारे निम्मे लोक सियागंज, मल्हारगंज आणि सांवेर रोडचे व्यापारी-कारखानदार आहेत, निम्मे तुमच्या-माझ्या घरांसारखे मराठी नोकरदार. दोघांचेही हिशेब मी एकाच टेबलावर पाहतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते आकड्यांत देता येतं. महिन्याला २५ हजार, २५ वर्षं, आणि दरमहा एक टक्का परतावा धरला तर सुमारे ४ कोटी ७४ लाख होतात. महागाई वर्षाला ६ टक्के धरून ही रक्कम आजच्या पैशांत आणली की सुमारे १ कोटी १० लाख उरतात. म्हणजे म्हातारपण मानाने जाईल, मुलांपुढे हात पसरावा लागणार नाही. ही लहान गोष्ट नव्हे, एसआयपी जरूर लावा. पण ज्या घरांकडे बघून तुम्ही विचारताय, ती घरं या वाटेने तिथे गेलेली नाहीत.

ती मालकीच्या वाटेने गेली. किराण्याच्या ठोक व्यापाऱ्याचं उदाहरण घ्या. भांडवल ५० लाख, आणि मालावर सगळा खर्च जाऊन दीड टक्का सुटतो. नोकरदाराला वाटतं, दीड टक्क्यात काय ठेवलंय? पण तेच ५० लाख महिन्यातून एकदा फिरतात, वर्षातून १२ वेळा. झाले १८ टक्के, म्हणजे ९ लाख. आता खरी गोष्ट पुढे आहे. जुन्या पेढीवर घरखर्चाची उचल ठरलेली असते आणि ती वहीत लिहिली जाते. मालक असला तरी गल्ल्यातून मन मानेल तसे पैसे काढत नाही. नफ्यातला अर्धा उचलला आणि अर्धा धंद्यात राहिला, तर भांडवल वर्षाला ९ टक्क्यांनी वाढतं आणि ५० लाखांचे २० वर्षांत २ कोटी ८० लाख होतात. शेजारच्याच दुकानात तेवढाच धंदा असून सगळा नफा उचलला गेला, तर २० वर्षांनी तिथे ५० लाखच असतात, आणि महागाईने त्यांचा माल निम्म्याहूनही कमी येतो. बाहेरून दोन्ही दुकानं सारखी दिसतात. दुसऱ्याची गाडी बहुधा जास्त मोठी असते.

यात कराची मदत आहे, ती स्पष्ट सांगितली पाहिजे. तुमचा पगार हातात येण्याआधीच कर कापला जातो. मालकाच्या धंद्याची, शेअरची, जमिनीची किंमत वाढते, पण विकेपर्यंत त्या वाढीवर कर नाही. विकली तरी शेअर बाजारात नोंदलेल्या शेअरवर, वर्षभराहून जास्त ठेवले असतील तर, सव्वा लाखापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के. आणि वारशाने मिळालं तर भारतात आज वारसा करच नाही. पूर्वी होता. १९५३ ते १९८५ इस्टेट ड्युटी होती, तिचा वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला होता. १९७३-७४ मध्ये तर आयकराचा वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. त्या काळात अनेक घराण्यांनी पैसा सोन्यात, जमिनीत आणि बेहिशेबी ठेवला, आणि ती सवय पुढच्या पिढ्यांना फार महाग पडली. तो मार्ग मी कोणालाच सुचवत नाही. आज सरळ मार्गानेही संपत्ती वाढते, त्यामुळे लपवण्याला कारणही उरलेलं नाही.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करू. आपल्या माळव्यातला जुना पैसा फक्त काटकसरीतून आलेला नाही. त्याचा मोठा भाग अफूतून आला आहे. माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जायची आणि इंदूर-उज्जैनच्या सराफांनी त्यात पैसा लावला होता. १९१३ च्या सुमारास चीनला जाणारी अफू बंद झाली. ज्यांनी आपलं सगळं अफूतच ठेवलं, त्यांची नावं आज कोणाला आठवत नाहीत. ज्यांची आठवतात, त्यांनी तोवर पैशाची वाट बदलली होती. सर सेठ हुकुमचंद हे त्यांतले सगळ्यांत मोठे. वायद्याच्या बाजारात, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांत, त्यांचा दरारा सगळ्या देशात होता, लोक त्यांना कॉटन किंग म्हणत. पण वायद्यातून आलेला पैसा त्यांनी वायद्यातच ठेवला नाही. गिरण्यांत घातला, कलकत्त्याकडे तागाच्या गिरणीत घातला. इतवारियातलं त्यांचं काचमंदिर बघायला तुम्ही गेला असाल. लोक त्या काचा बघून परततात. मला त्या घराण्याच्या इतिहासातला हा बदल जास्त मोलाचा वाटतो: धोक्याच्या जागेतून कमावायचं आणि कमाईचा मोठा भाग दुसऱ्या प्रकारच्या मिळकतीत हलवायचा.

सियागंजात आज तुम्हाला जी घराणी दिसतात, ती उरलेली आहेत. त्याच गल्लीतून उठून गेलेली, कर्जात बुडालेली, भावाभावांत मोडलेली दुकानं तुम्हाला दिसत नाहीत. माझ्या कपाटात त्यांच्याही फायली आहेत. म्हणून फक्त उरलेल्यांकडे बघून “असं केलं की श्रीमंत होतो” असं कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका. मालकीत नशिबाचा मोठा वाटा आहे, आणि वडिलांचं दुकान आयतं मिळण्याचाही. आपल्या हातात फार थोडं असतं. जे असतं ते बहुतेक राखण्याच्या बाजूचं.

आणि राखण्याचा सगळ्यांत जुना धडा आपल्या राजवाड्यातलाच आहे. १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे वेगळी जहागीर दिली. तिला खासगी म्हणत. मल्हाररावांची दौलत वेगळी, खासगी वेगळी. दौलतीतून फौज पोसायची, लढाया लढायच्या, पेशव्यांचा हिशेब भागवायचा. दौलत वाढायची तशी संकटातही यायची. खासगीला लढायांचं देणं लागत नव्हतं. गौतमाबाईंनंतर ती अहिल्याबाईंकडे आली. त्यांनी काशीपासून सोमनाथपर्यंत जी देवळं, घाट, धर्मशाळा बांधल्या, त्या खासगीतून. राज्याच्या खजिन्यावर तो भार टाकला नाही. १८१८ च्या मंदसोरच्या तहात होळकरांचा केवढातरी मुलूख गेला. खासगीचा हिशेब मात्र पुढेही चालू राहिला, आणि संस्थान विलीन झाल्यावर १९६२ मध्ये तिचा ट्रस्ट झाला. (त्या ट्रस्टने विकलेल्या मिळकतींचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२२ मध्ये न्यायालयाने तो सार्वजनिक न्यास म्हणून नोंदवायला लावला. वेगळं काढून ठेवलं तरी त्यावर लक्ष ठेवणारं कोणीतरी लागतंच.)

माझ्या ३१ वर्षांत जी घराणी टिकलेली पाहिली, त्या प्रत्येकाकडे या ना त्या रूपात खासगी होती. जी मोडली, त्यांतल्या बहुतेकांनी खासगी दौलतीत ओतली होती.

हे कसं होतं ते सांगतो. देवास रस्त्याकडचं एक सोया तेलाचं युनिट होतं. मालक अत्यंत कष्टाळू आणि शब्दाचे पक्के. बँकेने कर्जाची मर्यादा वाढवून दिली, त्यासाठी राहतं घर तारण मागितलं, पत्नीच्या नावावरचा प्लॉट मागितला आणि दोघा नवरा-बायकोंची वैयक्तिक हमी मागितली. धंदा तेजीत होता. जामीनपत्रांची फाइल माझ्याच कार्यालयात तयार झाली. मी एकदा म्हटलं, “काका, निदान ताईंचा प्लॉट तरी बाहेर ठेवू.” ते म्हणाले, “अरे, दोन वर्षांत सोडवून घेऊ.” मी पुन्हा बोललो नाही. पुढे आयात तेल स्वस्त झालं, बियाण्याचे भाव चढले, मार्जिन उलटं झालं आणि तीन हंगामांत युनिट बंद पडलं. युनिट गेलं ते धंद्याचं नुकसान, ते होतच असतं. पण त्यामागोमाग घर गेलं आणि प्लॉटही गेला. मुलीच्या लग्नाच्या आधी सहा महिने ते कुटुंब भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेलं. मी त्यांच्या बाजूने दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा भांडायला हवं होतं. तेव्हापासून हमीपत्र समोर आलं की मी अर्धा दिवस त्या एका कागदावर घालवतो.

कायदा इथे स्पष्ट आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेला आधी कर्जदाराकडे वसुली करून मग जामीनदाराकडे यावं लागत नाही, ती थेट येऊ शकते. २००२ च्या सरफेसी कायद्याने तारण घराचा ताबा घ्यायला दिवाणी दाव्याची गरज राहिली नाही. २०१९ पासून कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यावर दिवाळखोरी कायद्याखालीही कारवाई होते, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढून मिळालेलं संरक्षण, हमीपत्रावरच्या एका सहीने तुम्ही स्वतःच परत देता. लहान धंद्याला हमी न देता कर्ज मिळणं अवघड आहे, हे मला माहीत आहे. पण किती रकमेची, किती काळाची, आणि कोणाची, यावर घासाघीस करता येते. बायको, आई आणि राहतं घर बाहेर ठेवण्यासाठी जास्त व्याज द्यावं लागलं तरी द्यावं. ते व्याज म्हणजे खासगीचा विमा आहे.

खासगी उभी करायला आज राजाज्ञा लागत नाही. कायद्यात वाटा आहेत आणि त्यांतली एक १८७४ ची आहे: विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. विवाहित पुरुषाने स्वतःचा आयुर्विमा घेताना तो या कायद्याखाली पत्नी-मुलांच्या नावे घेतला, तर ती रक्कम त्यांच्यासाठीचा न्यास समजली जाते आणि नवऱ्याचे सावकार तिला हात लावू शकत नाहीत. अट एकच, सावकारांना फसवण्यासाठी हप्ते भरलेले नसावेत. प्रस्ताव भरतानाच एक जास्तीचा अर्ज जोडावा लागतो, त्याला वेगळा पैसा पडत नाही, तरी दहातले नऊ लोक तो जोडत नाहीत कारण एजंट सांगत नाही. पीपीएफवर न्यायालयाच्या हुकमाने जप्ती येत नाही, कर खात्याची गोष्ट वेगळी. पत्नीचं स्त्रीधन तिचंच असतं. मोठ्या मिळकतीसाठी १८८२ च्या कायद्याखाली खासगी न्यास करता येतो.

हे सगळं धंदा चांगला चालू असताना करायचं असतं. देणी थकल्यावर बायकोच्या नावे घर केलं तर १८८२ च्याच मालमत्ता हस्तांतरण कायद्याखाली सावकार ते रद्द करून घेतो, आणि त्याचं ते बरोबरच आहे. देणं बुडवण्यासाठी खासगी नसते. मी ज्या शेठजींना मानतो, त्यांनी युनिट बुडालं तेव्हा युनिटमधलं शेवटचं यंत्र विकून देणी भागवली. फक्त मुलांच्या डोक्यावरचं छप्पर त्यात कधी घातलंच नव्हतं.

आता तुमच्या वडिलांसारख्यांच्या बाजूने. आपल्या मराठी घरांत खासगीच खासगी असते आणि दौलत नसतेच. सगळं मुदत ठेवीत. ठरलेल्या व्याजाचं पुढे काय होतं, ते एका जुन्या कर्जावरून बघा. १८७० च्या सुमारास दुसरे तुकोजीराव होळकर यांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्ज दिले, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांसाठी. महाराजांचा हेतू राज्यात रेल्वे आणण्याचा होता, तो साधला. इंदूरच्या गिरण्यांना पुढे त्या रेल्वेचा मोठा आधार झाला. पण केवळ गुंतवणूक म्हणून बघा: ज्या १ कोटीत घाट फोडून रेल्वे यायची, तेवढ्याच आकड्यात आज शहरात एक बरा फ्लॅट येतो. ठरलेल्या व्याजाचा कागद मोडत नाही, तो झिजतो. सात टक्क्यांची ठेव, ३० टक्के कर भरणाऱ्याच्या हातात ४.९ टक्के. दुसरीकडे सेन्सेक्सचा पाया १९७९ मध्ये १०० होता, जुलै २०२४ मध्ये तो ८० हजारांवर गेला. लाभांश न धरता वर्षाला १६ टक्क्यांच्या आसपास. मधे २००८ सारखी वर्षं आली, जानेवारीत २१ हजारांवर असलेला निर्देशांक ऑक्टोबरमध्ये ८ हजारांखाली उतरला होता. ज्यांची खासगी वेगळी होती ते त्या दहा महिन्यांत विकायला गेले नाहीत. ज्यांना घरखर्चासाठी किंवा कर्जाच्या हप्त्यासाठी विकावं लागलं, त्यांना पुढची चढण मिळाली नाही. म्हणजे खासगी ही फक्त ढाल नाही, तिच्यामुळे दौलतीला वाट बघता येते.

नोकरदाराने एक धोका विशेष ओळखावा. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली तेव्हा हजारो कामगारांचा पगार, फंड, देणी, सगळं एकाच फाटकाच्या आत होतं. सुमारे ४,८०० कामगारांच्या २२४ कोटींच्या देण्यांचा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये लागला, ३२ वर्षांनी, आणि तोही मिलच्या ४२ एकर जमिनीला किंमत होती म्हणून. कित्येक कामगार तोवर हयात नव्हते. तुमची कंपनी तुम्हाला शेअर देत असेल तर घ्या, ती मालकीच आहे. पण पगारही तिथूनच आणि जमाही तिथेच, असं होऊ देऊ नका. शेअर हातात आले की ठरवलेला भाग दरवर्षी विकून बाहेर काढा.

वाटण्यांवर खरं तर वेगळं लिहायला हवं. माझ्या अनुभवात बाजारापेक्षा जास्त पेढ्या वाटण्यांनी मोडल्या आहेत. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे करारात उलट काही लिहिलं नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपते. दोनच भागीदार असतील तर लिहूनही उपयोग होत नाही. दोन भावांचं दुकान, एक अचानक गेला, दुसऱ्या दिवशी बँक खातं थांबतं आणि तेराव्याच्या आत वहिनी आणि दीर वकिलाकडे जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एकाला बाहेर पडायचं असेल तर त्याच्या हिश्श्याची किंमत कशी काढायची आणि ती किती वर्षांत द्यायची, हे भाऊ एकमेकांवर जीव टाकत असतात तेव्हाच लिहून ठेवावं. आणि २००५ पासून वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, हे अजूनही काही घरांत मोठ्या आवाजात सांगावं लागतं. हक्कसोडपत्रावर बहिणीची गुपचूप सही घेणाऱ्यांचं काम मी करत नाही.

तर तुमचं काय. तुमच्या वयात आणि पगारात मी असतो तर वर्षभराचा घरखर्च आणि चांगला आरोग्य विमा आधी वेगळा काढला असता. लग्न झालं असेल किंवा ठरत असेल, तर लग्नानंतरचा मुदत विमा त्या १८७४ च्या कायद्याखाली. तेवढी खासगी झाली की २५ हजारांची एसआयपी, आणि पगार वाढेल तशी तीही वाढवत न्यायची. त्यापुढचा काही भाग, जो बुडाला तरी घरात दोन घास कमी पडणार नाहीत एवढाच, खऱ्या मालकीत: मित्राच्या चालत्या धंद्यात लेखी हिस्सा, किंवा स्वतःचं एखादं उत्पादन. ते २० वर्षं जगलं तर सियागंजाच्या वाटेवर तुम्ही आलात. नाही जगलं तर पगार आणि खासगी जागेवर आहे. मित्र कितीही जवळचा असो, हिस्सा घ्या, त्याच्या कर्जाला जामीन राहू नका.

आणि येत्या रविवारी वडिलांबरोबर बसा. लोकमान्य नगरच्या घराची मूळ रजिस्ट्री कुठे आहे, नगरनिगमात नामांतरण कोणाच्या नावे आहे, ठेवींवर आणि डिमॅटवर नॉमिनी कोण आहे, हे एका कागदावर उतरवा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं आहे. म्हणून मृत्युपत्र लागतं. दोन साक्षीदार पुरतात, स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण करून घ्यावी. वडील विषय टाळतील, “आत्ताच काय घाई” म्हणतील. तेव्हा आधी स्वतःचं मृत्युपत्र लिहून त्यांच्यापुढे ठेवा. माझ्या वडिलांना मी असंच तयार केलं होतं.